व्हिडिओ गेमलाही परीक्षण हवे

बडनेऱ्याहून सकाळी अकोल्याकडे निघणाऱ्या गाडीत ‘अप-डाउन’ करणाऱ्यांची एक चालती वसाहतच वसलेली असते. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षक, तहसीलीतील आणि जिल्हा परिषदेतील कारकून, बँकेतील रोखपाल, कृषी विद्यापीठाचे विद्यार्थी अशी ही मंडळी कुरूम येईपर्यंत वर्तमानपत्राची पाने आपसांत वाटून घेतात आणि मूर्तिजापूर येईपर्यंत देशाच्या कारभाराचा निकाल लावून मोकळी होतात. या वसाहतीत अलीकडे दाराजवळच्या अंगाला आणखी एक सभा भरू लागली आहे. विशी-बाविशीतील चार-पाच तरुण हातातील मोबाइल एकमेकांपुढे धरून बोलत असतात. विषय परीक्षेचा नसतो, नोकरीच्या जाहिरातीचाही नसतो. काल रात्री कोणता गेम पुरा केला, कोणता अर्ध्यावर सोडला, कोणता नव्याने घेतला, याची ती देवाणघेवाण असते. ‘‘खेयून पाह्य गड्या, पण पैसे नोको टाकू त्याच्यात,’’ असे त्यांतला एक सांगतो आणि बाकीचे मान डोलावतात.

वस्तुतः हे एक परिपूर्ण परीक्षण आहे. खेळ वेळ घालविण्याजोगा आहे, तो मध्येच पैसे मागतो, पैसे न देताही त्यातील गंमत मिळते आणि दिल्यास ते वाया जातात, एवढा मजकूर त्या सात-आठ शब्दांत सामावला आहे. तो स्वानुभवाने मिळालेला आहे आणि सांगणाऱ्याचा त्यात कवडीचाही स्वार्थ नाही. पण काटेपूर्णा, बोरगाव मागे पडते, अकोला येते, मंडळी उतरून आपापल्या वाटेने जातात आणि ते परीक्षणही तिथेच संपते. पुढच्या डब्यातील मुलाला त्याचा लाभ होत नाही. अमरावतीत खापर्डे बगीच्यात किंवा अकोल्यात जठारपेठेत बसलेल्या त्याच वयाच्या मुलाला तर नाहीच नाही.

नाटक, चित्रपट, ग्रंथ, संगीत यांना मराठी वृत्तपत्रांत परीक्षणाची जागा आहे. उपाहारगृहांतील पदार्थांवरही अलीकडे आवडीने लिहिले जाते. व्हिडिओ गेम मात्र वृत्तपत्रात येतो तो बहुधा गुन्हेवृत्ताच्या स्तंभात किंवा बंदीच्या बातमीत. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ‘पबजी’वर बंदी घातली तेव्हा तो पहिल्या पानावर आला. तोच खेळ जुलै २०२१ मध्ये निराळे नाव घेऊन परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानातून उतरविला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा परतला. या येण्याजाण्याच्या बातम्या झाल्या. परंतु तो खेळ खेळ म्हणून कसा आहे, शंभर अनोळखी माणसे एका बेटावर उतरवून शेवटच्या एकाला जिंकविण्याच्या कल्पनेत इतके आकर्षण कशाचे आहे, पहिल्या दहा मिनिटांतील शांतता आणि शेवटच्या दोन मिनिटांतील धडधड यांचा मेळ कसा घातला आहे, हे कोणी लिहिले नाही. लक्षावधी मराठी घरांत जी गोष्ट रात्रंदिवस चालू होती तिच्याविषयी मराठी गद्य जवळजवळ मुके राहिले.

या मुकेपणाची किंमत काय, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. फिलिप नेल्सन या अर्थतज्ज्ञाने १९७० साली वस्तूंचे दोन प्रकार सांगितले. काही वस्तूंचा गुण घेण्यापूर्वी पाहून कळतो. कापडाचा पोत बोटांना कळतो. काहींचा गुण वापरल्यावरच कळतो. व्हिडिओ गेम या दुसऱ्या वर्गात मोडतो. त्याच साली जॉर्ज अकरलॉफ याने जुन्या मोटारगाड्यांच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले की, मालाचा खरा गुण विक्रेत्याला ठाऊक आणि गिऱ्हाइकाला अज्ञात असेल, तर चांगला माल हळूहळू बाजारातून उठतो आणि वाईट माल उरतो. पुढे २००१ साली स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. वऱ्हाडात हे समजावून सांगायला मोटारगाडीची गरज नाही. वरूड-मोर्शीकडची संत्री विकणारा गिऱ्हाइकाला एक फोड चाखायला देतो. फोड गोड लागली म्हणून पेटी घ्यावी तर खालचे दोन थर आंबट निघू शकतात. मोबाइलवरील फुकट गेमचा व्यवहार नेमका असा आहे. पहिले दोन तास मुद्दाम गोड केलेले असतात.

‘फुकट’ हा शब्दच येथे फसवा आहे. अशा गेममध्ये बहुतेक खेळणारे दमडीही देत नाहीत. थोडे जण मात्र पुष्कळ देतात आणि त्या थोड्यांच्या पैशावर सारा डोलारा उभा असतो. मग त्या थोड्यांकडून पैसे निघावेत यासाठी युक्त्या योजल्या जातात. बारा तास थांबा किंवा पैसे द्या. मित्राजवळ आहे तो पोशाख तुमच्याजवळ नाही. आत काय आहे हे न सांगता विकलेली एक बंद पेटी. या शेवटच्या प्रकाराला ‘लूट बॉक्स’ म्हणतात आणि बेल्जियमच्या नियामकाने २०१८ साली काही खेळांतील अशा पेट्या तेथील कायद्यानुसार जुगारात मोडतात असा निर्णय दिला. ज्याच्या घरी महिन्याचा किराणा उधारीच्या वहीवर येतो, त्या मुलाला हे आधी कोणी सांगायचे?

सांगणारे आहेत, पण ते कोण, हे पाहिले पाहिजे. गेमविषयी हिंदीत आणि इंग्रजीत अहोरात्र बोलणारी चित्रफितींची एक मोठी पेठच उघडली आहे. तीत चोख माणसे आहेत, हे मान्य केले पाहिजे. परंतु कोणता बोलणारा मनापासून बोलतो आणि कोणता गेम बनविणाऱ्या कंपनीकडून पैसे घेऊन बोलतो, हे ओळखण्याचे साधन अमरावतीच्या विद्यार्थ्याजवळ नाही. मोफत सल्ला प्रामाणिक असला तर तो डब्यातून बाहेर पडत नाही, आणि जो दूरवर पोहोचतो तो पुष्कळदा विकलेला असतो, अशी ही कोंडी आहे. संगणकावरील गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या दुकानाने २०१३ पासून खरेदीदारांना स्वतःचे अभिप्राय लिहू दिले. शिफारस आहे की नाही एवढेच आधी सांगायचे, आणि लिहिणाऱ्याने तो गेम किती तास खेळला हे त्याच्या नावाशेजारी आपोआप छापले जाते. ही प्रथा मराठी ग्रंथपरीक्षणाला लागू केली आणि परीक्षकाने पुस्तकाची किती पाने उलटली हे नावाखाली छापू लागले, तर काही मान्यवर स्तंभ एका आठवड्यात बंद पडतील. असो.

या अज्ञानाचा फटका केवळ खिशाला बसत नाही, घरातील नात्यांनाही बसतो. वऱ्हाडातील सामान्य कुटुंबात ‘गेम’ या एका शब्दात सगळे कोंबले जाते. पैसे लावून रमी खेळणे, क्रिकेटचा काल्पनिक संघ लावून बक्षिसाची वाट पाहणे, मित्रांसह लुटुपुटूची लढाई करणे आणि एखादी कथा खेळत खेळत पुरी करणे, या चारही गोष्टी आईवडिलांच्या दृष्टीने एकच. परिणामी जो मुलगा कर्जाच्या गर्तेत चालला आहे त्याला जो ओरडा बसतो तोच कोडे सोडविणाऱ्यालाही बसतो, आणि ओरडा सर्वांना सारखाच असल्यामुळे पहिल्याचे संकट कोणाच्या लक्षात येत नाही. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा संमत केला, त्यात हा भेद स्पष्टपणे केला आहे. २० तारखेला लोकसभा, २१ ला राज्यसभा आणि २२ ला राष्ट्रपतींची संमती, इतक्या घाईने तो झाला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, त्याने निषिद्ध ठरविले. चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड सांगितला. ई-स्पोर्ट्स आणि केवळ करमणुकीचे खेळ मात्र वेगळे काढून त्यांना उत्तेजन देण्याचे ठरविले. कायद्याला जो भेद कळतो तो घराला कळत नाही, कारण कायदा राजपत्रात छापला जातो आणि गेम कशाशी खातात हे कोठेच छापले जात नाही.

तेव्हा परीक्षण म्हणजे काय असावे, हे एक-दोन उदाहरणांनीच पाहणे बरे. ‘स्टारड्यू व्हॅली’ नावाचा गेम २०१६ साली एरिक बॅरोन या अमेरिकी तरुणाने निघाला तेव्हा एकट्याने बनविला होता; चित्रे त्याची, संगीत त्याचे, लेखन त्याचे. आजवर त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. कथा अशी की, एका मोठ्या कंपनीत नोकरी करणारा माणूस कंटाळून आजोबांनी ठेवलेल्या शेतावर राहायला जातो. ऋतू चार, प्रत्येक २८ दिवसांचा. दगड-लाकूड हटवायचे, बी पेरायचे, पाणी द्यायचे, कावळ्यांसाठी बुजगावणे उभे करायचे. ऋतू पालटला की त्या ऋतूचे उभे पीक वाळून जाते म्हणून दिवस मोजून पेरायचे. एकदा पैसे देऊन घेतला की मध्ये पुन्हा पैसे मागत नाही, साध्या मोबाइलवरही चालतो, हे सांगणे परीक्षणाचे पहिले कर्तव्य. पण तेवढ्याने ते पुरे होत नाही. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील विद्यार्थ्याने हा गेम खेळला तर त्याला जे दिसेल ते अमेरिकेतील परीक्षकाला दिसणार नाही. या शेतात पाऊस आला की तो पिकाच्या कामाचाच असतो. तो दडी मारत नाही आणि वेचणीला आलेला कापूस भिजवीत नाही. रात्री पेटीत टाकलेल्या मालाचा भाव ठरलेला असतो. सर्वांनी एकच पीक घेतले म्हणून तो पडत नाही. अडत नाही, हमाली नाही, सावकार नाही, पीककर्जाचे पुनर्गठन नाही. शेतकऱ्याचा घाम गेममध्ये आहे, त्याचा बाजार नाही. म्हणूनच तो जगभर इतका विसाव्याचा वाटतो, आणि म्हणूनच वऱ्हाडात तो खेळताना शेतकऱ्याच्या मुलाच्या मनात विसाव्याबरोबर दुसरेही काही उभे राहील. ते काय, हे त्यानेच लिहावे लागेल. दुसऱ्या कोणाला ते लिहिता येणार नाही.

कचेरीतील वाचकांसाठी दुसरा गेम सुचविता येईल. लुकास पोप याचा ‘पेपर्स, प्लीज’ हा २०१३ चा. त्यात खेळणारा हा एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवरील तपासणी खिडकीत बसलेला कारकून असतो. रांगेतील प्रत्येकाचे पारपत्र, परवाना, छायाचित्र, तारीख, शिक्का तपासायचा आणि मंजूर किंवा नामंजूर असा ठसा मारायचा. दररोज सकाळी नवे परिपत्रक येते आणि कालचा नियम आज चालत नाही. जितकी माणसे बिनचूक हातावेगळी होतील तितका पगार. संध्याकाळी त्यातून भाडे, जेवण, शेकोटी आणि आजारी मुलाचे औषध भागवायचे. मग खिडकीसमोर एखादी बाई येते, जिचा नवरा आताच पलीकडे गेला आहे आणि जिच्या कागदांत एक कागद कमी आहे. तिला सोडले तर दंड, न सोडले तर रात्री झोप नाही. दाखल्याच्या रांगेत उभे राहिलेल्याने आणि त्या खिडकीच्या आत बसलेल्याने, दोघांनीही हा गेम एकदा खेळावा. खिडकी दोन्ही बाजूंनी माणसाचे काय करते हे इतक्या थोड्या साधनांत दाखविणारी कादंबरी शोधावी लागेल.

पोलंडच्या सरकारने २०२० साली ‘धिस वॉर ऑफ माइन’ या वॉर्साच्याच ‘इलेव्हन बिट’ संस्थेच्या २०१४ मधील गेमचा समावेश माध्यमिक शाळांच्या शिफारस केलेल्या वाचनात करण्याचे जाहीर केले. सारायेव्होच्या वेढ्यावरून स्फुरलेल्या या गेममध्ये सैनिक होता येत नाही. पडक्या घरात थंडी, भूक आणि शेजाऱ्याचे औषध चोरावे की नाही हा प्रश्न घेऊन बसलेला नागरिकच व्हावे लागते. एका युरोपीय देशाच्या शिक्षण खात्याने गेमला पुस्तकाच्या रांगेत बसविले, त्यापूर्वी त्या गेमवर शेकडो ठिकाणी लिहिले गेले होते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

महाराष्ट्रात सांगण्याजोगे काही घडलेच नाही असे नाही. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेने २०२० साली ‘राजी’ हा गेम काढला. असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू हे तिची कथा सांगतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांच्या खेळासारखे मांडले आहेत. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा या मंडळींचा प्रयत्न फसला होता. तरीही गेम पुरा झाला आणि जगातील पदार्पणाच्या उत्कृष्ट गेमसाठी त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याला नामांकन मिळाले. त्याची वास्तुशिल्पे देखणी आहेत, लढाई मात्र काही वेळाने एकसुरी होते आणि शेवट घाईत उरकल्यासारखा वाटतो. हे दोष पुण्यामुंबईच्या वृत्तपत्रांनी अभिमानाच्या बातमीत सांगितले नाहीत. स्तुती करणे आणि परीक्षण करणे यांतील फरक आपल्याकडे नाटकाच्या बाबतीत तरी कळतो. स्वदेशी गेमच्या बाबतीत तोही सुटतो. या गेमला पुढे हिंदी संवाद मिळाले. मराठी नाहीत. ‘स्टारड्यू व्हॅली’ तर जर्मन, जपानी, तुर्कीप्रमाणे हंगेरियनमध्येही खेळता येतो. हंगेरियन बोलणारे सव्वा कोटीच्या घरात आणि मराठी मातृभाषा सांगणारे २०११ च्या जनगणनेनुसार आठ कोटी तीस लाख. भाषांतर करणारा व्यापारी लोकसंख्या मोजत नाही, त्या भाषेत मालाविषयी बोलणारे आणि तो विकत घेणारे मोजतो. राज्य सरकारने सप्टेंबर २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगच्या उद्योगासाठी तीन हजार कोटींहून अधिक रकमेचे धोरण मंजूर केले. त्यातून इमारती आणि कदाचित नोकऱ्याही उभ्या राहतील. जाणता गिऱ्हाईक अनुदानातून उभा राहत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: आधीच पोरे वाया चालली आहेत, त्यात वृत्तपत्रांनी शिफारशी करून तेल ओतावे काय? हाच आक्षेप एकेकाळी कादंबरीवर होता आणि घरोघर होता. तरी इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या करड्या माणसाला १९०२ साली कादंबरी या विषयावर दीर्घ निबंध लिहावासा वाटला. रद्दी कोणती आणि वाचनीय कोणती हे सांगितल्याने कादंबरीचे व्यसन वाढले नाही, तिची जात सुधारली. आणि खेळाला क्षुल्लक मानण्याची परंपरा निदान अमरावतीची तरी नव्हे. १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले पथक नेऊन तेथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. गल्लीतला हुतूतू परदेशी प्रेक्षकापुढे मांडायचा तर तो काय आहे, कसा खेळतात आणि त्यात पाहण्यासारखे काय आहे, हे आधी शब्दांत सांगता यावे लागते. व्हिडिओ गेम हा घाम न येणारा खेळ आहे, हा त्याचा दोष कबूल. तासन्‌तास बसण्याने डोळे आणि झोप जाते, हेही कबूल. म्हणूनच परीक्षकाने ‘हा गेम दररोज हजेरी मागतो, परीक्षेच्या महिन्यात घेऊ नये’ असे स्वच्छ लिहावे. ही सूचना वडिलांच्या ओरड्यापेक्षा मुलाला अधिक पटते, कारण ती खेळून पाहिलेल्याकडून आलेली असते.

आरंभ फार मोठा करावा लागत नाही. महाविद्यालयांच्या वार्षिकांकांत दरवर्षी त्याच त्या कविता, सहलींची वर्णने आणि प्राचार्यांचे मनोगत छापले जाते. त्यात चार पाने गेमच्या परीक्षणाला द्यावीत आणि ती लिहिणाऱ्याने किमान गेम पुरा केलेला असावा, एवढीच अट घालावी. अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांत नव्या पुस्तकांचा फलक असतो, त्याच्या शेजारी अशा परीक्षणांची कात्रणे लावता येतील. दैनिकांनी रविवारच्या पुरवणीत नाटकाच्या परीक्षणाएवढी जागा द्यावी आणि मजकुराचे मानधनही द्यावे. मानधन न दिल्यास ते लेखन पुन्हा कंपन्यांच्या पैशावर जाईल.

एक गोष्ट मात्र आधीपासून सांभाळावी लागेल. गाडीतल्या त्या सभेत मुली नसतात. त्या खेळत नाहीत असे नव्हे. २०२० च्या टाळेबंदीत नवी मुंबईत बनलेला ‘लुडो किंग’ वऱ्हाडातील कितीतरी घरांत आया आणि मुलींनीच चालविला. परंतु दाराजवळ उभे राहून मोठ्याने मत देण्याची त्यांना मुभा नसते, आणि आपण जे खेळतो त्याला ‘गेम खेळणे’ म्हणतात असे त्यांना कोणी सांगितलेलेही नसते. छापील स्तंभात दाराजवळ उभे राहावे लागत नाही. ‘राजी’वरचे पहिले मराठी परीक्षण धाकटा भाऊ असलेल्या, मूर्तिजापुरात गाडीत चढणाऱ्या एखाद्या मुलीने लिहिले, तर त्या गेमची लढाई एकसुरी का वाटते हे ती वरील दोन ओळींपेक्षा नीट सांगू शकेल.